सकाळचा भात संध्याकाळी खावा का?

प्रश्न : महाशिवरात्रीच्या यात्रेनंतर आम्ही सगळे लेकराबाळांसह डोंगराच्या पायथ्याशी मुक्काम करतो. पारण्याला सकाळीच गंजभर भात चुलीवर शिजवतो. उरलेला संध्याकाळी परततो. चांगली वाफ आली की भात निर्धोक होतो, असं सासूबाई म्हणतात. खरं का?
– एक वाचक, प्रतापगड (ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया)

उत्तर : ताई, इतकी वर्षं कुणाला त्रास झाला नसेल, तर मागच्याची काळजी सोडा. पण सासूबाईंचा समज अपुरा आहे. तांदळात ‘बॅसिलस सिरीयस’ या जिवाणूचे बीजाणू असतात. ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की जिवाणू वाढतात, विष तयार करतात. ते विष परतूनही जात नाही. भाताला वास आला नाही, म्हणून तो चांगला असेलच असं नाही.

बाहेर भात शिजवल्यावर दोन तासांत संपवा. कोरडा तांदूळ सोबत न्या, प्रत्येक जेवणाला लागेल तेवढाच टाका. संध्याकाळी रोडगे आणि वांग्याची ताजी भाजी करा. मुलांच्या मधल्या भुकेला मुरमुरे, चिवडा, दशम्या पुरतात. पिण्याचं पाणी उकळूनच घ्या.

असा भात खाऊन १ ते ६ तासांत उलट्या सुरू झाल्या, तर ओआरएसचं पाणी घोटघोट पाजा. मूल सुस्त वाटलं किंवा लघवी कमी झाली, तर लगेच दवाखाना गाठा.

चूल पाचोळ्यापासून दूर मांडा आणि निघताना पाणी ओतून पूर्ण विझवा. हा वणव्यांचा हंगाम आहे.