पार्ट स्वस्त, पोहोचणं महाग : जुन्या स्पोर्ट्स कारकडून शिका एस्टिमेट



दुरुस्तीच्या धंद्यात पैसा बहुतेक वेळा चुकीच्या एस्टिमेटमुळे बुडतो. हे समजायला आज एक जुनी गाडी घेऊ : एमजीबी. इंग्लंडमधल्या अॅबिंग्डनला 1962 ते 1980 या काळात बनलेली, 1798 सीसीची, दोन दारांची स्पोर्ट्स कार. तिथले हौशी लोक आजही ती घरच्या गॅरेजमध्ये खोलतात.

क्लचचा धडा

एमजीबीचा गिअरबॉक्स खालून उतरत नाही. क्लच प्लेट बदलायची तर इंजिनच वर उचलून काढावं लागतं. म्हणून जाणकार माणूस नुसती प्लेट बदलून थांबत नाही. प्रेशर प्लेट, ग्रॅफाइटचं रिलीज बेअरिंग, क्रँकच्या टोकातलं छोटं बुश, पाच बेअरिंगचं इंजिन असेल तर मागचं ऑइल सील, हे सगळं तेव्हाच बघून घेतो.

का? हिशोब करा. आकडे फक्त उदाहरणाचे. इंजिन काढणं-बसवणं 16 तास, मजुरी ताशी 500, म्हणजे 8,000 रुपये. सील 300 रुपयांचं. ते वाचवलंत आणि महिन्याभरात तेल गळायला लागलं, तर गिऱ्हाईक म्हणणार, "तुम्हीच तर इंजिन खोललं होतं!" मग ते 8,000 कोणाच्या खिशातून जाणार?

सस्पेन्शनचा धडा

पुढच्या खालच्या आर्मचे रबरी बुश बदलायला सोपे वाटतात. पण तिथे पोहोचायला दाबलेली स्प्रिंग सावकाश सैल करावी लागते. गाडी भक्कम जॅक स्टँडवर हवी. स्प्रिंग सुटली तर जीवावर बेतेल. उघडल्यावर कळतं, किंगपिनमध्ये खेळ आहे. वरचा आर्म म्हणजे शॉक अॅब्सॉर्बरचाच भाग, आणि तोही गळतोय! हे बाहेरून बघून सांगता आलं असतं का?

अजून एक. रबरी बुशचे बोल्ट आधी हलके लावायचे आणि गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच पूर्ण कसायचे. गाडी वर असतानाच कसले, तर खाली येताच रबर पिळलं जातं आणि लवकर फाटतं. आपला आकडाही तसाच. कामाचं खरं वजन कळल्याशिवाय पक्का करू नका.

मग एस्टिमेट कसं द्यायचं? तीन ओळींत.

1. खोलून तपासणी : ठरलेली रक्कम. पुढचं काम झालं नाही तरी मिळायला हवी.
2. नक्की काम : पार्ट आणि मजुरी वेगवेगळी लिहा.
3. उघडल्यावर कळेल ते काम : "अमुक रकमेच्या वर गेलं तर काम थांबवून फोन करू." ही मर्यादा गिऱ्हाइकाकडूनच लिहून घ्या.

उघडल्यावर फोटो काढा, पाठवा, होकार आल्यावरच पुढे जा. आणि जुना पार्ट गिऱ्हाइकाला दाखवल्याशिवाय फेकू नका. विश्वास तिथेच बसतो.

एसी दुरुस्ती, सोफा, प्लंबिंग, शिलाई मशीन, धंदा कुठलाही असो, नियम हाच.

गृहपाठ : मागच्या पाच कामांची बिलं काढा. प्रत्येकात पार्टचे किती आणि पार्टपर्यंत पोहोचायचे किती, असे दोन रकाने करा. दुसरा रकाना रिकामा दिसला, तर तेवढं काम तुम्ही फुकट केलंय.