भित्तिचित्रांतील भूमिती

ग्रीस देशातील थेरा बेटावर अक्रोतिरी नावाचे एक प्राचीन नगर आहे. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेखाली ते गाडले गेले. इ. स. १९६७ मध्ये स्पिरिडॉन मारिनातोस यांनी तेथे उत्खनन सुरू केले, तेव्हा घरांच्या भिंतींवरील रंगीत चित्रे उजेडात आली. त्यांपैकी काहींत गुंडाळलेल्या दोरीसारख्या, वेढे घेत जाणाऱ्या आकृती आहेत. अशा आकृतीस सर्पिल म्हणतात.

या आकृती केवळ हाताच्या सरावाने काढल्या असतील काय? अथेन्स येथील राष्ट्रीय तांत्रिक विद्यापीठाचे पापाओडिसियस व त्यांचे सहकारी यांनी या प्रश्नाचा छडा लावला. त्यांचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. चित्रांची छायाचित्रे संगणकात घेऊन रंगपट्ट्यांच्या कडा बिंदूंच्या रूपात वेगळ्या केल्या जातात. मग निरनिराळ्या वक्ररेषा त्या बिंदूंशी ताडून कोणती सर्वांत कमी चुकते, हे मोजले जाते.

खुंटीला गुंडाळलेला दोरा ताणून उलगडीत नेला, तरी सर्पिल उमटते. परंतु मध्याजवळ त्याचे वळण निराळे पडते. भिंतीवरील आकृती त्याच्याशी जुळल्या नाहीत. त्या जुळल्या रेषीय सर्पिलाशी. यात रेषा जितकी वळते, त्याच प्रमाणात मध्यापासून दूर जाते. आर्किमिडीजने या वक्ररेषेचे गणित मांडले ते इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात, म्हणजे हजाराहून अधिक वर्षांनंतर! आकृतींतील नेमकेपणावरून चित्रकारांनी साचे वापरले असावेत, असा संशोधकांचा तर्क आहे. अर्थात त्यांना आर्किमिडीजचे सिद्धान्त ठाऊक होते, असे यावरून सिद्ध होत नाही. कारागिराचे ज्ञान शास्त्रग्रंथाच्या पुष्कळ आधी हातात असू शकते, एवढे मात्र निश्चित.

शिक्षकांना हा पाठ फळ्यावर सहज घेता येईल. एका बिंदूपासून ३० अंशांच्या अंतराने बारा रेषा आखाव्यात. पहिलीवर मध्यापासून अर्धा सेंटिमीटर, दुसरीवर एक, तिसरीवर दीड, याप्रमाणे खुणा करून त्या वळणदार रेषेने जोडाव्यात. बाराव्या रेषेवर सहा सेंटिमीटर अंतर येऊन रेषीय सर्पिलाचा पहिला वेढा पुरा होतो. शेजारीच खुंटी व दोऱ्याने दुसरे सर्पिल काढल्यास फरक मुलांच्या आपोआप ध्यानी येईल.

हे सारे संशोधन रंगाच्या शाबूत राहिलेल्या कडांवर उभे आहे. जुन्या भिंतीवर नाव कोरणे, चित्र ओल्या फडक्याने पुसणे किंवा त्यावर चुना फासणे, यांमुळे ती कडा कायमची नाहीशी होऊ शकते. मग कितीही उत्तम संगणक असला तरी मोजावयास काही उरत नाही. म्हणून आपल्या गावच्या देवळात वा वाड्यात अशी चित्रे असल्यास त्यांस हात न लावता, शेजारी मोजपट्टी धरून, समोरून सरळ छायाचित्र घ्यावे आणि पुरातत्त्व खात्यास कळवावे. पुढील पिढ्यांच्या अभ्यासाची ती पहिली पायरी ठरेल.