घरातील न दिसणाऱ्या उष्ण वाटा

बिदरजवळ नौबाद येथे बहामनी अमदानीतील, १५ व्या शतकातील, करेज आहे. जमिनीच्या पोटातून दोन किलोमीटरांहून अधिक अंतर पाणी वाहून नेणारा हा बोगदा. बांधणाऱ्यांनी त्यावर ठिकठिकाणी उभी विवरे ठेविली, ती हवा-उजेड आत जावा व गाळ साचल्यास माणसास उतरून पाहता यावे म्हणून. विद्यार्थ्यांस तेथे नेले की मी प्रथम ही विवरेच दाखवितो.

आमच्या घरांत मात्र अशी सोय कोणी ठेवीत नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी स्नान करताना आमच्या आपांना घेरी आली. वेळीच बाहेर काढले म्हणून निभावले. गॅसच्या गीझरची धुराची नळी न्हाणीच्या माळ्यावरून बाहेर जाते. तिच्या तोंडात पाखरांनी काड्या कोंबल्या होत्या. बसविणाऱ्याने माळा पक्का बंद केलेला, त्यामुळे कोणी पाहिलेच नव्हते. हवा अपुरी पडली किंवा धुरास वाट उरली नाही, की कार्बन मोनॉक्साइड साठतो. हा वायू रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. त्यास रंग नाही, वास नाही. डोकेदुखी, मळमळ व घेरी एवढीच सूचना, आणि ती ओळखीपर्यंत दार उघडण्याचेही त्राण राहात नाही.

पाहणी गीझर बंद व थंड असता करावी. प्रथम सांधे पाहावे. काजळीचा डाग म्हणजे धूर तेथून फुटतो. हात पोचत नसेल तेथे काठीस आरसा बांधावा. त्याहून बरे म्हणजे मोबाइलचा दिवा व चित्रीकरण चालू करून तोच काठीस बांधावा, सावकाश फिरवावा व चित्र मागाहून निवांत पाहावे. बाहेरच्या तोंडाशी घरटे किंवा कुंभारमाशीचे मातीचे घर असण्याचा संभव फार. पुढे गीझर पेटवून ज्योत पाहावी. निळीऐवजी पिवळी दिसली तर तत्काळ बंद करून कारागीर बोलवावा. धुराची नळीच नसलेला गीझर न्हाणीघरात ठेवूच नये.

आपली जी मुले थंड देशांत स्थायिक झाली, त्यांच्या घरी भट्टीची उष्ण हवा पत्र्याच्या नळांतून जमिनीखालून खोल्याखोल्यांत जाते. घर घेण्यापूर्वी तेथे तज्ज्ञाकडून पाहणी करवितात. परंतु सरपटत जावे लागते अशा भागात तो पोचला की नाही, हे अहवालात अवश्य शोधावे. नसल्यास कॅमेरा घालून पुन्हा पाहावयास सांगावे.

आमच्या माळ्यास आता वीतभर झडप आहे. थंडी पडू लागली की आपाच काठी आणून माझ्या हाती देतात.