स्टॉकहोममधील एक दिवस

स्वीडनची राजधानी स्टॉकहोम 14 बेटांवर वसलेली आहे. तिच्या एका बाजूस मेलारेन सरोवर व दुसऱ्या बाजूस बाल्टिक समुद्र आहे. वाटाड्या प्रवाशांस प्रथम 'गामला स्तान' या जुन्या नगरातील फरसबंद गल्ल्यांतून राजवाड्याकडे नेतो. पुढे 1923 साली उघडलेले नगरभवन लागते. नोबेल पारितोषिकांनिमित्त होणारी 10 डिसेंबरची मेजवानी येथेच होत असते.

दुपारी नावेने यूरगोर्डेन बेटावर उतरून मंडळी वासा संग्रहालयात येतात. तेथे एक प्रचंड लाकडी युद्धनौका उभी आहे. 10 ऑगस्ट 1628 रोजी ती पहिल्या सफरीस निघाली आणि सुमारे 1300 मीटर जाते न जाते तोच वाऱ्याने कलंडून बुडाली. सुमारे 30 माणसे प्राणांस मुकली. नौकेचा वरचा भाग जड व तळातील भार अपुरा होता. हे अगोदरच दिसले होते. 30 खलाशी तिच्यावर इकडून तिकडे धावताच ती भयंकर डोलू लागली, म्हणून परीक्षाच थांबविण्यात आली. सफर मात्र कोणी थांबविली नाही. राजास घाई होती.

बाल्टिकच्या कमी खारट पाण्यात लाकूड पोखरणारी जहाज-कीड जगत नाही. त्यामुळे 24 एप्रिल 1961 रोजी, तब्बल 333 वर्षांनी, नौका बहुतांशी शाबूत वर काढता आली.

परीक्षेत दोष आढळला, तर परीक्षा बंद करू नये. दोष दूर करावा, हाच या नौकेचा बोध होय.

स्वाध्याय : झाकणाची रिकामी डबी घ्या. प्रथम तिच्या तळाशी व नंतर झाकणावर खडे ठेवून ती पाण्यात सोडा. काय फरक पडतो, तो लिहा.