खेळातून बालविकास : कोणीही बाद नको

प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात खेळाचा तास बहुधा दिवसाच्या शेवटी येतो आणि परीक्षा जवळ आली की तो गणिताला वा भाषेला दिला जातो. ज्या वयात शरीर आणि बुद्धी यांची वाढ परस्परांच्या आधाराने होत असते, त्या वयात ही काटकसर महाग पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलामुलींना दररोज सरासरी किमान ६० मिनिटे मध्यम ते जोरकस शारीरिक हालचाल आवश्यक आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यानेही शाळेस क्रीडांगण आणि खेळाचे साहित्य असणे आवश्यक मानले आहे.

या शिक्षणासाठी महागडी साधने लागतातच असे नाही. लंगडीत मूल एका पायावर शरीराचा तोल सांभाळण्यास शिकते. लगोरीत नजर आणि हात यांचा मेळ बसतो. खो-खोमध्ये आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. ‘खो’ कानी पडताच क्षणार्धात उठावे लागते. त्याचप्रमाणे पळणारा गडी आपल्या हाती लागत नाही असे दिसताच पाठलाग सोबत्याच्या स्वाधीन करावा लागतो. सावधपणा, निर्णयशक्ती आणि सहकार्य यांचा हा पाठ व्याख्यानाने देता येत नाही.

मात्र खेळ कोणता, याइतकेच तो कसा घेतला जातो, हेही महत्त्वाचे आहे. पुष्कळशा खेळांत बाद झालेल्या गड्याने बाहेर बसावे असा नियम असतो. मोठ्यांच्या स्पर्धेत तो योग्यच होय. परंतु सहा-सात वर्षांच्या मुलांत हाच नियम लावला, तर चपळ मूल अखेरपर्यंत धावते आणि मंद, अशक्त वा बुजरे मूल पहिल्याच मिनिटास कडेला जाऊन बसते. ज्याला व्यायामाची गरज सर्वांत अधिक, त्याच्या वाट्याला तो सर्वांत कमी येतो. असे रोज घडू लागले की ‘मला खेळता येत नाही’ ही समजूत त्या बालमनात घर करते.

यावर उपाय सोपे आहेत. बाद झालेल्या मुलाने प्रतिपक्षास एक गुण देऊन लगेच खेळात परत यावे. चाळीस मुलांचा एकच खेळ घेण्याऐवजी दहा-दहांचे चार गट करावेत. गटनायक दर आठवड्यास बदलावा. अपंग मुलास केवळ गुण मोजण्यास न बसविता त्याला झेपेल असा खेळातील वाटा द्यावा.

हेच तत्त्व इतर उपक्रमांनाही लागू पडते. स्नेहसंमेलनात निवडक मुले रंगमंचावर आणि बाकीची प्रेक्षकांत, असे चित्र अनेकदा दिसते. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि पुढे ते कोसबाड येथे नेले. अनुताई वाघ यांची त्यांना साथ होती. परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंतून तेथे शिक्षणसाधने घडविली गेली. शाळेत येऊ न शकणाऱ्या, गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी तर कुरणशाळा निघाली. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने मुलापर्यंत जावे, ही त्यामागील दृष्टी होती. गाणे, नाट्य, चित्रकला वा मातीकाम यांतही हीच दृष्टी हवी. सुरात न गाणाऱ्या मुलाला ताल धरता येतो. संवाद विसरणारे मूल नाटकाचा पडदा रंगवू शकते.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषक स्पर्धेत भारताचे महिला व पुरुष असे दोन्ही संघ विजयी झाले. असे खेळाडू घडावेत ही इच्छा स्वाभाविक आहे. तथापि त्यांची निवड करण्याचे वय पुढे येते. बालवयात क्रीडांगण सर्वांचे असले पाहिजे. म्हणून खेळाचा तास संपल्यावर शिक्षकांनी व पालकांनी कोण जिंकले याबरोबरच सर्वांत मागे राहणारे मूल आज किती वेळ धावले, याचीही नोंद घ्यावी.