जुन्या गाडीला जुना गिअरबॉक्स घेताना

भाचेबुवा, पारोळा, अमळनेर, एरंडोल, धुळे हे तुझं रोजचं रिंगण, आणि गाडी आता वय झालेली. तिचा गिअरबॉक्स गेला म्हणून तोंड पाडून बसू नकोस; चांगला जुना मिळतो आणि वर्षानुवर्षं चालतोही. फक्त घाबरून पहिल्या दुकानात दिसेल तो उचलू नकोस. गिअरबॉक्स उतरवून पुन्हा चढवायला मिस्त्रीचा अख्खा दिवस जातो, आणि जमिनीवर ठेवून तपासायला तासभरही लागत नाही. माझं सगळं सांगणं त्या एका तासापायी आहे. जमिनीवर बघितलेलं जॅकवर रडवत नाही, एवढं ध्यानात धर आणि पुढचं वाच.

१. आधी दुखणं गिअरबॉक्सचंच आहे ना, ते पक्कं कर – क्लच केबल ताणली, गिअर रॉडचे बुश झिजले किंवा फाउंडेशन (गिअरबॉक्स धरून ठेवणारं माउंटिंग) तुटलं तरी गिअर तसाच अडतो, तसाच सुटतो. आणि ही तिन्ही कामं गिअरबॉक्स न उतरवता होतात.

२. गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, अशा वेळी कान दे. क्लच दाबल्यावर आवाज थांबला तर संशय गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर, आणि दाबल्यावरच सुरू झाला तर क्लचच्या रिलीज बेअरिंगवर – हे दुसरं दुखणं गिअरबॉक्स बदलून जात नाही.

३. फक्त रिव्हर्स टाकताना करकर होत असेल तर क्लच तपास – बऱ्याच जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो रिंग (गिअरचे वेग जुळवणारी पितळी रिंग) नसते, त्यामुळे क्लच नीट सुटत नसला की पहिली ओरड तिथूनच येते.

४. वेगाबरोबर वाढणारी घुंघुं न्यूट्रलमध्ये गाडी घरंगळतानाही येत असेल, तर चाकं वर उचलून हातानं हलवून बघ – चाकाच्या बेअरिंगपायी धडधाकट गिअरबॉक्स उतरवणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत.

५. एखादं बेअरिंग किंवा एखादी रिंगच गेली असेल तर आहे तोच उघडून दुरुस्त करायचा भाव आधी विचार – त्यानं काय काय सोसलंय ते तुला माहीत आहे, परक्याचं नाही. केसिंग फुटलं असेल किंवा गिअरचे दात उडाले असतील, तरच दुसऱ्याच्या शोधाला लाग.

६. आरसी काढून नोंदणीची तारीख वाच – खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण, शिवाय पर्यावरण कर. मुदत तोंडावर असेल तर सगळा खर्च एकत्र मांडून मगच गाडीवर पैसा लाव.

आता कोणता गिअरबॉक्स हवा, ते. इथं माणसं सगळ्यात जास्त फसतात, आणि दुकानदार खोटा असतो म्हणून नव्हे, आपण अर्धवट सांगतो म्हणून.

७. "मारुतीचा द्या" असं तोंडी मागू नकोस. मॉडेल, महिना-वर्ष, पेट्रोल की डिझेल, चेसिस नंबर आणि गिअरबॉक्सच्या केसिंगवरचा नंबर वहीत लिहून ने – मारुती ८०० ही १९८३ पासून २०१४ पर्यंत निघत होती. बहुतेक गाड्या चार गिअरच्या, पण २००० साली पाच गिअरवालीही आली.

८. ओम्नीचा गिअरबॉक्स ८०० ला लावू असं कुणी म्हणालं तर नमस्कार कर आणि निघ – इंजिनं भावकीतली असली तरी ओम्नी मागच्या चाकांनी ढकलते आणि ८०० पुढच्या चाकांनी ओढते.

९. ८००, अल्टो, इंडिका, सँट्रो अशा पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत क्राऊन-पिनियन गिअरबॉक्सच्या पोटातच असतं, म्हणून त्याच्या दात्यांचं प्रमाण जुळतं का ते विचार – जुळलं नाही तर गाडी चढाला मरगळते, नाहीतर सपाट रस्त्यावर इंजिन विनाकारण ओरडत राहतं. सुमो-बोलेरोत ते मागच्या एक्सलमध्ये वेगळं असतं, तिथं ही काळजी नाही.

१०. इंजिन एक म्हणून गिअरबॉक्स एक, असं धरून चालू नकोस – फियाटचं १.३ लिटर डिझेल इंजिन मारुतीच्या स्विफ्टमध्येही होतं आणि टाटाच्या इंडिका व्हिस्टातही, पण म्हणून एकीचा गिअरबॉक्स दुसरीला बसेल असं नाही.

११. मीटरला केबल आहे की सेन्सर, गिअरला रॉड आहे की केबल, रिव्हर्स स्विचचा प्लग कसा आहे, फाउंडेशनची भोकं कुठं आहेत, याचे फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा – घरी आल्यावर एक भोक जुळलं नाही की मग ड्रिल मशिन निघतं, आणि त्यानंतर माल परत होत नाही.

१२. क्लच पेडल नसलेली ऑटो गिअरवाली गाडी असेल तर नुसता गिअरबॉक्स आणू नकोस – गिअर टाकणारी यंत्रणा त्यावरच बसलेली असते आणि बसवल्यावर स्कॅनर लावून ती नव्यानं जुळवावी लागते.

आता शोध.

१३. जवळून सुरुवात कर: पारोळा, अमळनेर, मग धुळे नाहीतर जळगाव – जवळून घेतलेला माल परत करायला अर्धा दिवस पुरतो. धुळ्याला आग्रा रोड आणि सुरत-नागपूर रस्ता एकमेकांना भेटतात, तिथल्या जुन्या मिस्त्र्यांना कुठं कोणती गाडी कापली जातेय ते ठाऊक असतं. दुकानात शिरण्याआधी त्यांच्यापाशी चहा घे.

१४. इथं नाहीच मिळाला तर मुंबईत कुर्ल्याला जुन्या स्पेअरपार्टचा मोठा बाजार आहे, पण फोटो बघून पैसे पाठवू नकोस, स्वतः जा – पारोळ्याला रेल्वे नाही, अमळनेरचं स्टेशन सुरत-जळगाव लाइनवर. म्हणून मुंबईचा जड माल ट्रान्सपोर्टनं येतो आणि चुकीचा निघाला तर तसाच परत जातो. स्वस्त माल, दोनदा हमाल.

१५. दुकानदाराला पहिला प्रश्न भावाचा विचारू नकोस, "गाडी कशानं मोडली?" हा विचार – मागून ठोकलेली गाडी सगळ्यात चांगली, शेवटच्या क्षणापर्यंत तिचा गिअरबॉक्स चालत होता आणि त्याला धक्का लागलेला नसतो. समोरून ठोकलेली असेल तर केसिंगला केसाएवढा तडा असू शकतो.

१६. पुरात बुडालेल्या गाडीचा माल फुकट मिळाला तरी नको – हवा जायच्या बारीक नळीतून पाणी आत शिरतं आणि बेअरिंगला गंज धरतो. मुंबईला २६ जुलै २००५ ला आणि सांगली-कोल्हापूरला २०१९ ला आला तसा पूर आला की बुडालेल्या गाड्यांचे सुटे भाग लांबलांबपर्यंत पोचतात, म्हणून हा प्रश्न खान्देशातही विचारायचा.

१७. ज्या गाडीतून काढला तिच्या आरसीची प्रत किंवा मोडीत काढल्याचा कागद बघ – आरसीवर इंजिन आणि चेसिसचा नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो, म्हणून चोरीच्या गाडीचा गिअरबॉक्स खपवणं सोपं जातं. मेरठचं सोतीगंज मार्केट याच धंद्यासाठी बदनाम होतं, २०२१ च्या डिसेंबरात पोलिसांनी ते बंद पाडलं. आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्याला आता भारतीय न्याय संहितेचं ३१७ वं कलम लागतं. भाव फारच कमी सांगितला तर हसून पुढच्या दुकानात जा.

आणि हा तो तास. खिशात पांढरा रुमाल, बॅटरी आणि ड्रेन नटाचा पाना असू दे. गडबड करू नकोस, दुकानदार घड्याळाकडे बघत असेल तर बघू दे.

१८. ड्रेन नट खोलून थोडं तेल रुमालावर पाड आणि पसरू दे – तेलाला खोटं बोलता येत नाही. काळपट असेल तर चालेल, दुधाळ असेल तर पाणी गेलंय, करपट वास असेल तर कोरडा फिरलाय.

१९. बऱ्याच गाड्यांत त्या नटाच्या टोकाला चुंबक असतं, ते रुमालानं पूस. करडा गुळगुळीत चिखल निघाला तर घाबरू नकोस, ती रोजची झीज. पण बोटाला टोचणारा कण किंवा दात्याचा तुकडा निघाला तर नट तसाच बंद करून दे – तो तुकडा एकटा पडत नाही, जाताना दुसऱ्या दात्यांनाही मारून जातो. पितळ चुंबकाला चिकटत नाही, म्हणून रुमालावरच्या तेलात पिवळी चमक दिसते का ते उन्हात धरून बघ. ती सिंक्रो रिंगांची झीज.

२०. एकेक गिअर टाकून पुढचा शाफ्ट हातानं फिरव आणि मागची बाजू किती फिरते ते बघ. पुढच्या चाकांची गाडी असेल तर एक्सलची एक बाजू दुसऱ्याला धरायला सांग – पहिल्याला सगळ्यात कमी फिरली पाहिजे आणि वरच्या गिअरला वाढत गेली पाहिजे. ठरावीक जागी दर फेऱ्याला खटका बसत असेल तर तिथला दात दुखावलेला आहे.

२१. तोच शाफ्ट वर-खाली आणि आत-बाहेर हलव – थोडी हालचाल असतेच, पण टकटक आवाज करून हलला तर बेअरिंग संपलंय. त्यावरचे क्लचप्लेटचे दातेही बोटानं चाचप, कडा धारदार झाल्या असतील तर क्लच अडकेल.

२२. फाउंडेशनचे कान आणि बोल्टची भोकं रुमालानं पुसून बॅटरीत बघ – अल्युमिनियमच्या केसिंगवर वेल्डिंग किंवा एम-सील दिसलं तर त्याखाली तडा आहेच.

२३. चालू गाडीतच बसलेला असेल तर दुपारी जा आणि चांगलं गरम होईपर्यंत फिरव – थंड घट्ट तेलात झिजलेला गिअरबॉक्सही गप्प बसतो, आपल्या मे महिन्यात तेल पातळ झालं की सगळं ऐकू येतं.

२४. पसंत पडला तर पावतीवर गाडीचं मॉडेल, केसिंगवरचा नंबर आणि "बसवल्यावर इतक्या दिवसांत दोष निघाल्यास परत" हे शब्द लिहून घे, दुकानदाराच्या सहीसकट – पावती बोलते तेव्हा भांडण झोपतं. दुकानदार आपल्या मालावर रंगाची खूण करेल, ती पुसू देऊ नकोस. बदललेला माल परत आणला असं त्यानं उद्या म्हणू नये.

२५. आणताना तेल काढून टाक, भोकांत चिंधी कोंब आणि खाली जुनं टायर ठेव – शाफ्टवर वजन पडून एक खड्डा बसला तर सगळी तपासणी वाया. आपले रस्ते तुला माहीतच आहेत.

बसवायचं काम मिस्त्रीचं, पण तू तिथं थांब. चहा सांगायला का होईना, थांब.

२६. गिअरबॉक्स उतरलाच आहे तर क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि इंजिनचा मागचा ऑईल सील बघून घे, शंका असेल ते बदल – यातलं एक जरी सहा महिन्यांनी गेलं तरी हीच मजुरी पुन्हा द्यायची.

२७. चढवताना गिअरबॉक्स शाफ्टवर लोंबकळू देऊ नका, जॅक खाली असू दे; आणि बोल्ट आवळून तो ओढून घेऊ नका – प्लेट वाकते किंवा केसिंगचा कान तुटतो. हातानं सरकून बसला म्हणजे बरोबर बसला.

२८. रिकामा असेपर्यंत स्टिअरिंगला "तेल नाही" अशी चिठ्ठी बांध – गॅरेजमधलं एखादं उत्साही पोरगं गाडी हलवायला चालू करतं. तेल कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय तेच घाल. जीएल-४ सांगितलं असेल तर जीएल-५ चालतंय म्हणणाऱ्याचं ऐकू नकोस – त्यातली रसायनं पितळी रिंगांना मानवत नाहीत.

२९. जुना गिअरबॉक्स त्याच दिवशी मोडीत देऊ नकोस – मीटरचा गिअर, स्विच, ब्रॅकेट, बोल्ट, एखादं तरी त्यातूनच लागतं.

३०. पहिली चाचणी गावात घेऊ नकोस. धुळ्याच्या पुढे आग्रा रोडला लळिंगचा घाट आहे, तिथं जा: चढताना दुसऱ्या-तिसऱ्यावर जोर दे, उतरताना त्याच गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचल – गिअर सुटायचा असेल तर ओढ उलटते त्या क्षणीच सुटतो. हात मात्र गिअरच्या दांड्यावरून काढून ठेव, नाहीतर तूच त्याला धरून ठेवशील. ब्रेकवर पाय तयार असू दे आणि मागून ट्रक येत नाही ना ते बघ.

३१. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथर आणि सकाळी डाग कुठं पडलाय ते बघ – एक्सलच्या सीलपाशी असेल तर ते काम लहान आहे, दोन्ही केसिंगच्या जोडापाशी असेल तर दुकानदाराची मुदत संपायच्या आत फोन लाव. चार-आठ दिवस गाडी चालली की तेलाची पातळी पुन्हा तपासायला मिस्त्रीकडे ने, आणि जाताना पावती बरोबर ठेव.