सायलीस, संक्रांतीच्या भेटकार्डांविषयी

नाशिक

चि. सायलीस,


संक्रांतीला बाजारातली शुभेच्छापत्रं न आणता रबरी शिक्के आणि एम्बॉसिंगची पावडर वापरून स्वतःच कार्डं करायचं तू ठरवलंस, याचा मला फार आनंद झाला. सोबत पाठवलेली शिक्क्यांची यादीही नीट वाचली. ती लांबलचक आहे: गुलाब, फुगे, फुलपाखरं, केक, बर्फाचे कण, इंग्रजीतल्या तयार शुभेच्छा, शिवाय प्रत्येक सणाला वेगळा संच. यातले आधी कोणते घेऊ, असं तू विचारलंस. माझं उत्तर असं, की जवळजवळ सगळे राहू देत. केवळ पैसे वाचावेत म्हणून मी हे सांगत नाही. एकाच ठशाकडून दर वेळी वेगळं काम करून घेता येऊ लागलं, की शिक्क्यांचं कार्ड चांगलं व्हायला लागतं. पन्नास ठसे हाताशी असले तर ती गरजच पडत नाही आणि हात शिकत नाही. मला म्हणायचं आहे ते एवढंच, पण ते पटवून द्यायला थोडं लांबून यावं लागेल.

शिक्क्याच्या कामाला लोक पहिला दोष देतात तो नकलेचा. चित्र दुसऱ्याने काढलं, रबर दुसऱ्याने घडवलं, तू नुसतं दाबलंस. मग यात तुझं काय? या आक्षेपाला आपल्या जिल्ह्यातच एक फार जुनं उत्तर आहे. १९०६ साली गोदावरीकाठच्या जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. १३,००० हून अधिक नाणी, आणि सगळी क्षत्रप नहपानाची. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर, नहपानाचा पराभव केल्यानंतर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हं ठोकून घेतली होती: एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह. जुनी नाणी वितळवून नवी पाडलेली नाहीत, जुन्यावरच नवा ठसा मारला आहे. चिन्हं तीच, पण ठोक हाताची. म्हणून कुठे डोंगर नहपानाच्या चेहऱ्यावर बसला, कुठे कडेला सरकला, कुठे खालची ग्रीक अक्षरं तशीच डोकावत राहिली. टाकसाळीतल्या कारागिराला त्यात काही सौंदर्य साधायचं नव्हतं, हे खरं. तरी त्याच्या कामातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. ठसा ठरलेला असला, तरी तो कशावर, कुठे आणि किती जोराने बसवायचा हे दर वेळी हातालाच ठरवावं लागतं. (याच दोन घराण्यांचे लेख पांडवलेण्यांत आहेत, नहपानाचा जावई उषवदात याचा आणि गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा. सुट्टीत आलीस की दोन्ही लेणी बघ.)

याहून जवळचं उदाहरण देव्हाऱ्यात आहे. खंडोबाचा, भवानीचा किंवा वीर पूर्वजाचा टाक घडवताना सोनार चांदीचा पातळ पत्रा ठशावर धरून ठोकतो आणि आकृती वर उठते. आज आपण कागदावर ज्याला एम्बॉसिंग म्हणतो, ते हेच काम धातूवर झालं. सोनाराकडचा ठसा एकच असतो आणि त्यातून अनेक घरांचे टाक निघतात. तरी धुळवडीला नाशकात वीरांची मिरवणूक निघते, घराघरांतून टाक रामकुंडावर नेऊन त्यांना गोदावरीत स्नान घालतात, तेव्हा प्रत्येक घराच्या लेखी तो आपलाच पूर्वज असतो. शेजारच्या घरातला टाक त्याच ठशाचा आहे म्हणून आपला खोटा, असं कुणाला वाटत नाही. वस्तू आपली होते ती तिच्यावरचं चित्र जगात एकमेव आहे म्हणून नव्हे. ती कुणासाठी घडवली आणि कुणाच्या हाती गेली यावरून ती आपली होते. तुझ्या कार्डालाही हेच लागू आहे. एकदा हे मान्य केलं, की दुर्मीळ शिक्का शोधत बसण्याचं कारण उरत नाही आणि सगळं लक्ष कार्ड घेणाऱ्या माणसाकडे जातं.

यावर कुणी म्हणेल, की छाप दर वेळी वेगळी आली तर काम कच्चं दिसेल. छापखान्यासारखी सफाई का नसावी? सफाईचं मोल नाशिककरांना कुणी सांगायला नको. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२६ पासून टपाल तिकिटं छापली जातात. त्याआधी ती लंडनच्या डे ला रू कंपनीकडून येत. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट, २१ नोव्हेंबर १९४७ चं ‘जय हिंद’, तेही इथलंच. तिथे एक तिकीट दुसऱ्याहून वेगळं निघालं तर तो दोषच, कारण तिकिटाने प्रत्येकाला सारखीच हमी द्यायची असते. तुझं कार्ड मात्र एकाच माणसाला द्यायचं असतं, त्याने दुसऱ्या कार्डाशी जुळण्याची गरज नाही. म्हणून फरक हेतूने केलेला हवा. शाई फुटली, कड दुहेरी उमटली, अर्धं चित्र आलंच नाही, या हाताच्या खुणा म्हणून खपवायच्या गोष्टी नाहीत. त्या चुका आहेत आणि सरावाने जातात. शिक्का सरळ खाली ने, तळहाताचा सारखा भार दे, डोलवू नकोस आणि सरळ वर उचल.

उठावाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण नवशिक्यांचं कार्ड बहुधा तिथेच बिघडतं. आपल्याकडच्या पहिल्या टपाल तिकिटाची हकिगत या बाबतीत फार उपयोगी आहे. सिंधचे कमिशनर बार्टल फ्रिअर यांनी १ जुलै १८५२ पासून अर्ध्या आण्याचं ‘सिंध डाक’ तिकीट सुरू केलं. ते आधी लाल लाखेच्या चकतीवर दाबून काढलं, पण लाख ठिसूळ, टपालात तडकायची. मग पांढऱ्या कागदावर शाईविना नुसता उठाव काढला, तर मंद उजेडात तो दिसेना. शेवटी निळ्या रंगात उठाव आणला. कागदावर नक्षी उठवू पाहणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येणाऱ्या दोन्ही अडचणी यात आल्या: उठाव टिकला पाहिजे आणि दिसला पाहिजे. तिसरी गोष्ट तुझ्या पर्समध्ये आहे. शंभराच्या किंवा पाचशेच्या नोटेवरच्या गांधीजींच्या चित्रावरून बोट फिरव. रेषा बोटाला लागतात. दृष्टिहीनांना नोट ओळखता यावी म्हणूनही ती छपाई तशी उंच ठेवलेली आहे. उठाव डोळ्यांइतकाच बोटांसाठी असतो. म्हणून तो कार्डभर पसरू नकोस. कार्ड उघडताना अंगठा जिथे टेकेल, तिथे तो सर्वांत जास्त शोभतो.

आता तुझ्या संक्रांतीकडे येऊ. या सणाचा रंग काळा आणि दागिना पांढऱ्या काटेरी हलव्याचा. काळी कार्डशीट आणि पांढरी एम्बॉसिंग पावडर घेतली की सिंध डाकेची दुसरी अडचण आपोआप सुटते, आणि पावडर वितळून फुगली की उठलेला प्रत्येक ठिपका हलव्याचा दाणाच दिसतो. त्यासाठी शिक्का विकत घ्यायचीही गरज नाही. पेन्सिलीच्या मागचं गोल खोडरबर हाच तुझा ठसा. वहिनीची लग्नानंतरची पहिली संक्रांत आहे, तिच्या कार्डावर या ठिपक्यांचा हार कर, मधे पदक. धाकट्याचं बोरन्हाण आहे, त्याच्या कार्डावर त्याच ठिपक्यांचा मुकुट आणि बाळाची कडी. आजीला मात्र मोकळ्या काळ्या कागदावर पाच-सहाच दाणे दे, एका कोपऱ्यात, हातावर तिळगूळ पडावा तसे. ठसा एक, कार्डं तीन, आणि एकाचं कार्ड दुसऱ्याला चालणार नाही. येवल्याला संक्रांतीला तीन-तीन दिवस पतंग उडतात. तिथल्या मामांसाठी मोठ्या खोडरबरातून कटरने एक चौकोन काप, तो तिरका धरून निरनिराळ्या कलाने उमटव आणि मांजाची ओढ बोथट टोकाच्या सळईने कागदाच्या मागून दाबून उठव. पन्नास शिक्क्यांच्या यादीत यातलं एकही कार्ड नव्हतं.

कृतीत लक्षात ठेवायच्या गोष्टी थोड्याच आहेत. ऑफिसातल्या शिक्क्याच्या पॅडची शाई लगेच सुकते, तिच्यावर पावडर धरत नाही. एम्बॉसिंगसाठी मिळणारी पारदर्शक, सावकाश वाळणारी शाई घे. काळ्या कागदावर पावडरचे नको तिथे चिकटलेले कण लगेच दिसतात, म्हणून आधी टाल्कम पावडरची छोटी पुरचुंडी कागदावरून हलकेच फिरव. छाप उमटली की लगेच पावडर भरपूर टाक, उरलेली घडी घातलेल्या कागदावर झटकून परत बाटलीत भर. केसांचा ड्रायर वापरू नकोस. त्याने पावडर उडते, वितळत नाही. वितळवायला हीट गनच लागते; ती आधी दूर धरून तापव, मग जवळ आण, आणि चमक आली की थांब. जास्त तापलं तर उठाव बसतो आणि कागद तेलकट दिसतो. खिडकी उघडी ठेव. साध्या, शाईविना उठावासाठी मात्र हातकागदासारखा कागद नाही. तू पुण्यात आहेस, शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासून तिथे आहे. सुती चिंध्यांच्या कागदाचे धागे लांब असतात, ते दाबाखाली फाटत नाहीत. पण त्याचा पृष्ठभाग खडबडीत, त्यामुळे बारीक नक्षीचा रबरी शिक्का त्यावर तुटक उमटतो. बारीक नक्षीला गुळगुळीत कार्डशीट आणि उठावाला हातकागद, ही वाटणी पाळ.

तुझ्या मैत्रिणी म्हणतील, की तिळगुळाची चित्रं फोनवर फुकट जातात, मग हा खटाटोप कशाला? फोनला मी नावं ठेवणार नाही; दोनशे जणांना शुभेच्छा पाठवायला तोच बरा. पण तू दोनशे जणांना कार्डं करणार नाहीस आणि करूही नयेस. लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल यांनी नाताळाचं पहिलं छापील कार्ड काढलं, तेव्हा हजारभर प्रतींच्या त्या व्यापारी कार्डावरही पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या नावाला जागा कोरी सोडलेली होती. छापणाऱ्यालाही कळत होतं, की ती जागा भरल्याशिवाय कार्ड पुरं होत नाही. ज्यांच्यासाठी ती जागा मनापासून भरता येईल, अशी दहा-बारा माणसं निवड. पावडर प्लास्टिकच्या जातीची असते, हा आक्षेप मात्र मला खरा वाटतो. त्याला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे, की ती दाण्यांपुरती वापर आणि बाकीचं काम साध्या उठावावर ने. पुढेमागे ही कार्डं विकावीत असं मनात असेल, तर विकतच्या शिक्क्यावरचं चित्र ते काढणाऱ्याच्या मालकीचं असतं. काही कंपन्या हाताने छापलेली कार्डं विकू देतात, काही देत नाहीत, अटी आधी वाचाव्या लागतात. स्वतःच्या खोडरबराबद्दल तो प्रश्नच येत नाही.

आत शिक्का मारू नकोस. आतला मजकूर हाताने लिही, आणि ‘तिळगूळ घ्या’ एवढ्यावर थांबू नकोस. त्या माणसाला या वर्षी जे सांगायचं राहिलं ते दोन ओळींत सांग. काळ्या शीटच्या आत पांढरा कागद चिकटवलास की लिहिता येईल. टपालात पाकिटावर शिक्के आणि गठ्ठ्यांचा भार पडतो, म्हणून उठावावर पातळ कार्डाचा एक तुकडा ठेवून मगच पाकीट बंद कर, आणि नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यातच कार्डं टपालात टाक.

शाईचा एक पॅड आणि पांढऱ्या पावडरची बाटली कुरिअरने पाठवते आहे. हीट गन तिथेच बघ. बिघडलेली कार्डं टाकून देऊ नकोस, तीही मला पाठव. पावडर कमी तापली की जास्त, हे त्यावरून सांगता येईल.

तुझी,
आत्या